केस एकच, पण कशाची?

पिंपळे सौदागर म्हटलं की आज आठवतात त्या आयटीवाल्यांच्या उंच इमारती आणि संध्याकाळचं ट्रॅफिक. पण भारतातल्या खेड्यांच्या आर्थिक अभ्यासात या गावाचं नाव शंभर वर्षांहून जुनं आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन हे एकच गाव बांधाबांधानं पिंजून काढलं. जमीन कोणाकडे किती, किती तुकड्यांत, विहिरी आणि बैल किती, कर्ज किती आणि त्यावर व्याज काय, वर्षाचा घरखर्च किती, असं सगळं लिहून घेतलं. १९१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती. त्यांतले ४६३ तुकडे एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान.

हे झालं एका गावाचं. दख्खनमध्ये गावं हजारो. मग एवढी मेहनत एकाच गावावर का घालवायची? आज केस स्टडी केलेल्या विद्यार्थ्याला एमएसडब्ल्यू, बीएड किंवा पीएचडीच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाच प्रश्न दोन शब्दांत येतो: सॅम्पल साइज? म्हणजे नमुना किती मोठा? विद्यार्थी मान खाली घालून ‘एक’ म्हणतो आणि बाहेरून आलेले परीक्षक भुवया उंचावतात. भुवया उंचावण्यासारखी गोष्ट खरं तर वेगळीच असते. ‘हीच केस का घेतली?’ असं विचारलं, तर बऱ्याचदा उत्तर येतं, ‘घराजवळ होती’ किंवा ‘गाइडच्या ओळखीची शाळा होती’.

केस स्टडी म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीचा, ती जिथे घडते तिथेच जाऊन, अनेक बाजूंनी पुरावा गोळा करून केलेला खोल अभ्यास. गोष्ट म्हणजे काहीही असू शकतं: एक रुग्ण, एक वर्ग, एक साखर कारखाना, एक गाव, एक सरकारी निर्णय, एक रेल्वे अपघात. अट एवढीच की तिची हद्द आखता आली पाहिजे. कुठून सुरू, कुठे संपली, कोण आत, कोण बाहेर. ‘महाराष्ट्रातलं शिक्षण’ ही केस होत नाही. ‘अमुक तालुक्यातल्या एका शाळेनं २०१५ ते २०२० मध्ये पटसंख्या कशी टिकवली’ ही होते.

पुराव्याचं म्हणाल तर नुसत्या मुलाखतींवर भागत नाही. मुख्याध्यापक म्हणतात हजेरी चांगली आहे. हजेरीपट तेच सांगतो का? वर्गात बसून मोजलं तर तेवढीच डोकी दिसतात का? पोषण आहाराच्या नोंदी काय म्हणतात? चार ठिकाणचे पुरावे जुळले तर बरंच. जुळले नाहीत तर त्याहून बरं, कारण अभ्यासातली खरी माहिती बहुतेक वेळा त्या फटीतच सापडते.

कोणत्या प्रश्नाला केस स्टडी लागते आणि कोणत्याला नाही, हे एका उदाहरणावरून बघू. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुलं बरोबर जातात किंवा मागे राहतात. ‘किती मुलांची शाळा सुटते?’ हा प्रश्न विचारायचा असेल तर सर्व्हे करा. नीट निवडलेला, पुरेसा मोठा नमुना घ्या. इथे एका वाडीचा अभ्यास कितीही खोल असला तरी त्यावरून जिल्ह्याचा टक्का काढता येणार नाही. ‘हंगामी वसतिगृहामुळे गळती कमी होते का?’ हा प्रश्न असेल तर वसतिगृह असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना लागेल. पण समजा, एका वाडीतली बरीच मुलं आई-बाप गेल्यावरही मागे राहून शाळेत येताहेत, आणि तशाच दुसऱ्या वाडीत तसं होत नाही. हे कसं घडलं? आजी थांबली म्हणून? एखादे गुरुजी निघायच्या आदल्या आठवड्यात घरोघर फिरले म्हणून? उचल कमी होती म्हणून धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरलीला न्यावं लागलं नाही? इथे टक्केवारी मुकी होते. वाडीत जाऊन बसावं लागतं, आणि एकदा हंगाम सुरू होताना, एकदा तो संपताना जावं लागतं. ‘कसं’ आणि ‘का’ हे केस स्टडीचे प्रश्न. ‘किती’ हा तिचा प्रश्न नाही. सॅम्पल साइज विचारणारा परीक्षक ‘किती’च्या अभ्यासाची पट्टी ‘कसं’च्या अभ्यासाला लावत असतो.

यावर हमखास आक्षेप येतो की एकावरून सगळ्यांबद्दल कसं बोलणार? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती खरी ठरते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ शिजलेली असतात. गावं, शाळा, माणसं अशी एका पातेल्यात शिजत नाहीत. म्हणून केसवरून लोकसंख्येबद्दल विधान करायचंच नसतं. विधान करायचं असतं ते एखाद्या कल्पनेबद्दल, एखाद्या कारणाबद्दल. केस हातात घेतल्यावर पहिला प्रश्न म्हणून स्वतःला विचारायचा तो हा: ही केस कशाची आहे? पिंपळे सौदागर नुसतं एक गाव होतं तोवर ती माहितीची वही होती. वारसावाटपात जमिनीचे तुकडे पडत गेले आणि शेती पोटाला पुरेनाशी झाली, या प्रक्रियेची केस म्हणून पाहिलं की ते गाव अर्थशास्त्राच्या कामाचं झालं.

मान यांनी पुढे जे केलं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. पहिलं गाव पुणे आणि खडकीच्या अंगणातलं होतं. तिथल्या माणसांना शहरातली मजुरी, बाजार, गाडीभाडं यांची सोय होती. मग हे चित्र दख्खनच्या खऱ्या कोरडवाहू खेड्याला लागू पडतं का? म्हणून त्यांनी दुसरं गाव निवडलं ते शहरापासून लांबचं, शिरूरकडचं जातेगाव बुद्रुक, आणि तो अभ्यास १९२१ मध्ये आला. दुसरं गाव ‘अजून एक’ म्हणून घेतलं नव्हतं. पहिल्या गावावरून काढलेल्या निष्कर्षाला जिथे धक्का बसू शकेल, नेमकं असं गाव घेतलं होतं. दोन केसेसचा अभ्यास करणारे विद्यार्थी बहुधा दोन सारख्या शाळा घेतात आणि निष्कर्ष सारखे आले म्हणून खूश होतात. त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही.

कधीकधी तर एकच केस आधीच्या समजुतीला मोठं भोक पाडते. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्माराचे झटके थांबवण्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. मेंदूत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा दोन्ही बाजूंचा बराचसा तुकडा काढला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेलं काहीही त्याच्या लक्षात राहीना. रोज भेटणारी संशोधक बाई त्याला रोज नवी. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली, दिवसामागून दिवस. ‘हे मी पूर्वी कधी केलंच नाही’ असं तो दर वेळी सांगायचा, आणि हात मात्र दर वेळी जास्त सफाईनं फिरायचा. म्हणजे प्रसंग लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी आणि हाताला सवय लावणारी वेगळी. ‘स्मरणशक्ती ही एकच एक गोष्ट आहे’ हे विधान खोटं ठरवायला हजार रुग्ण लागले नाहीत. २००८ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत शास्त्रीय लेखांत त्याचा उल्लेख फक्त ‘एच. एम.’ असाच व्हायचा, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.

वैद्यकात केस हा पहिला भोंगाही असतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण रुग्णांची छोटीशी नोंद छापली गेली. धडधाकट माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया पाचही जणांना झाला होता. पुढे ज्याला एड्स म्हटलं गेलं त्याची वैद्यकीय साहित्यातली ही पहिली छापील खूण. पाच रुग्णांवरून कोणी कारण सिद्ध केलं नाही, कोणी तसा दावाही केला नाही. ‘इकडे बघा’ एवढंच त्यांनी म्हटलं, आणि तेवढं पुरलं.

केस स्टडी फसते ती बहुतेक वेळा निवडीत. हिवरे बाजार घ्या. दुष्काळी पट्ट्यातलं हे नगर तालुक्यातलं गाव पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात बदललं. पाणलोटाची कामं झाली, सिंचनासाठी बोअर बंद झाले, उसासारखी पाणीपिऊ पिकं टळली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. यावर किती प्रबंध, किती अभ्यासदौरे झाले असतील. त्या गावाच्या कामाबद्दल मला शंका नाही. अडचण अभ्यासकांची आहे. फक्त यशस्वी गावं बघितली की तिथे जे जे दिसेल ते यशाचं कारण वाटायला लागतं. खंबीर सरपंच दिसला की कारण सरपंच, श्रमदान दिसलं की कारण श्रमदान. पण खंबीर सरपंच आणि श्रमदान दोन्ही असूनही ज्या गावचा बंधारा गाळानं भरला, तिथे कोणाचा अभ्यासदौरा जात नाही. तेच पाऊसमान, तीच योजना, आणि तरी रुतलेलं असं एखादं गाव जोडीला घेतलं, तर हिवरे बाजारचं वेगळेपण नेमकं कशात होतं ते जास्त नीट कळेल. हे सुचवलं की विद्यार्थी कुरकुरतात, कारण फसलेल्या गावात कोणी धड बोलत नाही आणि चहाही मिळत नाही. दोन्ही खरं आहे.

अनेक केसेस एकत्र लावल्या तर काय होऊ शकतं, याचा उत्तम नमुना म्हणजे अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम. १९६८ मध्ये जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडलं होतं की सामायिक कुरणाचा शेवट नासाडीतच होतो, कारण प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडतो. युक्तिवाद बिनतोड वाटत होता. ऑस्ट्रॉम यांनी उलट युक्तिवाद करण्याऐवजी लोकांनी शतकानुशतकं नीट सांभाळलेली कुरणं, जंगलं, पाटपाणी शोधली, आणि मोडून पडलेलीही शोधली. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ पासून नियम होता: हिवाळ्यात घरच्या वैरणीवर जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. मोजायला सोपं, चोरी करायला अवघड. स्पेन, जपान, फिलिपीन्स इथल्या केसेस शेजारी ठेवल्यावर टिकलेल्या व्यवस्थांमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: हद्द स्पष्ट, देखरेख आपल्यातल्याच माणसाची, दंड आधी छोटा मग मोठा. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. धुळे-नाशिककडची पाणीवाटपाची फड पद्धत या यादीत सहज शोभली असती. तिथे पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी गावकऱ्यांनी नेमलेला असतो आणि कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळे मिळून ठरवतात.

आता वर्गातल्या केसकडे येऊ. नाव तेच असलं तरी हा प्राणी वेगळा आहे, आणि दोघांची गल्लत झाली की घोटाळे होतात.

शिकवण्यासाठी केस वापरायची पद्धत कायद्यातून आली. १८७० मध्ये हार्वर्डच्या कायदा विभागाचे डीन झालेले क्रिस्टोफर लँगडेल यांनी व्याख्यानं बाजूला ठेवून विद्यार्थ्यांपुढे थेट न्यायालयांचे निकाल टाकले. तत्त्व तुम्हीच शोधा. १९०८ मध्ये तिथेच व्यवसाय शिक्षणाची शाळा निघाली. १९१९ मध्ये तिचे डीन झालेले वॉलेस डॉनम स्वतः कायदा शिकलेले होते. कायद्यात निकालांचे गठ्ठे तयार असतात, धंद्यात कुठून आणणार? मग कंपन्यांमध्ये माणसं पाठवून केसेस लिहून घ्यायला सुरुवात झाली. १९२१ ची पहिली केस एका बूट कंपनीची होती. सुटीची वेळ व्हायच्या आधीच कामगार काम का थांबवतात, एवढाच तिचा विषय. १९६१ मध्ये अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या सहकार्यानं उभं राहिलं आणि ही पद्धत आपल्याकडे रुजली.

वर्गातली केस मुद्दाम अर्धवट असते. एक माणूस, एक अडचण, हाताशी असलेली कागदपत्रं, आणि उद्या सकाळी घ्यायचा निर्णय, इथे ती थांबते. ‘तुम्ही त्याच्या जागी असता तर?’ तिथून वर्ग सुरू होतो. संशोधनातल्या केसला निष्कर्ष असतो, पुराव्याचा हिशेब असतो. वर्गातल्या केसला वाद असतो. तीत काही तपशील बदललेले असू शकतात, कंपनीचं नाव झाकलेलं असू शकतं, सगळे आकडे एकाच ठरावीक पटीनं कमी-जास्त केलेले असू शकतात. शिकवण्यासाठी ते चालतं. पण म्हणूनच वर्गातली केस पुरावा म्हणून प्रबंधात उद्धृत करायची नसते.

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून सुरू झालेली ही व्यवस्था. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसं, झाकणावर रंग-अक्षर-आकड्यांच्या खुणा, साधारण पंचवीस जणांचा एक गट, त्यावर मुकादम, आणि सगळ्यांना वेळेत बांधणारी लोकल. २०१० मध्ये हार्वर्डनं तिच्यावर केस काढली आणि ती जगभर शिकवली जाते. पण या केससोबत वर्गावर्गांत एक वाक्य फिरतं: ‘डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र आहे.’ सिक्स सिग्मा म्हणजे ढोबळमानानं दहा लाखांत ३.४ चुका. या वाक्याचा माग काढला की गंमत कळते. १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये डबेवाल्यांवर लेख आला. लेखकानं संघटनेच्या प्रमुखांना विचारलं होतं, चुका किती होतात? उत्तर आलं, जवळपास नाहीच, दोन महिन्यांत एखादी. लेखकानं गुणाकार केला आणि काही दशलक्ष डब्यांमागे एक चूक असा आकडा छापला. पुढे एका परिषदेत हा आकडा आणि सिक्स सिग्मा एकमेकांना चिकटले, आणि वर्तमानपत्रांतून ‘फोर्ब्सचं प्रमाणपत्र’ जन्माला आलं. सिक्स सिग्मा हा शब्द आपण वापरलाच नव्हता, असं त्या लेखकानं नंतर स्पष्ट सांगितलं. तोवर स्लाइडा तयार झाल्या होत्या.

डबेवाल्यांची कामगिरी यानं तसूभरही कमी होत नाही. ती अफाट आहेच. पण एका माणसाचा अंदाज चार हातांतून फिरून प्रमाणपत्र कसा होतो, हे संशोधन शिकवणाऱ्यानं वर्गात जरूर दाखवावं. केसमधल्या प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारायचं: हे कोणी मोजलं, कसं मोजलं, की नुसतं सांगितलं?

मानसशास्त्रातही असंच घडलं आहे. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला, आणि ३८ शेजारी बघत राहिले, कोणी मदत केली नाही, अशी बातमी छापून आली. पुढे नोंदी तपासल्यावर हे चित्र बरंच फुगवलेलं निघालं. तरी पाठ्यपुस्तकांत ते वर्षानुवर्षं तसंच होतं. गंमत अशी की त्या बातमीवरून सुचलेले, बघणारे जास्त असले की मदत कमी मिळते का हे तपासणारे, मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि लाटाने यांचे प्रयोग स्वतःच्या पायावर उभे आहेत. केस कच्ची असूनही प्रश्न पक्का असू शकतो.

नावं झाकण्याबद्दलही थोडं. प्रबंधात ‘गाव क्ष’ लिहिलं आणि पुढच्याच पानावर तालुका, धरणाचं नाव आणि ‘येथील महिला सरपंच पूर्वी अंगणवाडी सेविका होत्या’ असं लिहिलं, तर त्या पंचक्रोशीत कोणापासून काय लपलं? ज्यानं आपल्याला कर्ज, दारू, भांडणं यांबद्दल विश्वासानं सांगितलं त्याला शेजारी ओळखणार आहेत, हे धरूनच लिहावं. शक्य असेल तर छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवावं. त्यातून चुकाही सापडतात, आणि हे काम पुरावा तपासण्याचाच भाग आहे.

शेवटी शिक्षकांसाठी. बाहेरून विकत घेतलेल्या केसमधली अमेरिकन बुटांची कंपनी आपल्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांना फार दूरची वाटते. आपल्या जवळची केस लिहिणं अवघड नाही. गावातली दूध डेअरी, बंद पडायला आलेला थिएटरवाला, ऑनलाइन मागवणाऱ्या गिऱ्हाईकांमुळे घायकुतीला आलेला किराणा दुकानदार. दोन-तीनदा जाऊन बसा, परवानगी घ्या, हिशेबाची वही बघायला मागा, गिऱ्हाईकांशी वेगळं बोला. चार पानांहून जास्त लिहू नका, आणि आपलं मत त्यात कुठेही घुसू देऊ नका. निर्णयाच्या आदल्या संध्याकाळी गोष्ट थांबवा. पुढे त्यानं खरंच काय केलं ते वेगळ्या कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवा. वर्गात तास संपायला दहा मिनिटं उरली की मगच तो कागद काढा. आणि मुलं अजून भांडत असतील, तर काढूच नका.